देवांचा टंच

१९५३ सालच्या दिवाळीनंतर आमची आज्जी मद्रासला उतरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं हातात केरसुणी घेऊन अख्खी खोली पालथी घातली. खाली बोळात कुणीतरी “पाल! पाल!” म्हणून ओरडत होतं. आज्जीनं कोपरे झाडले, ट्रंका सरकवल्या, कोनाड्यातला पितळी विठोबा उचलून त्याच्या मागं पाहिलं. पाल सापडेना आणि ओरडणारा थांबेना. शेवटी आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, कूस बदलून म्हणाले, “दूधवाला हाय तो. हिकडं दुधाला पाल म्हनत्यात.”

“मग पालीला?”

“पल्ली.”

“म्हंजे शब्द ठावा हाय त्यास्नी,” आज्जी म्हणाली, “खरं कुटं वापरायचा त्येवडं कळंना.”

तमिळ भाषेचा हा तिचा पहिला आणि शेवटचा अभ्यास. त्याच दुपारी शेजारणीनं ताकाचं भांडं पुढं करून “मोर” म्हटल्यावर तिनं हातच टेकले. पुढं एकोणसत्तर वर्षं ती त्या बोळात राहिली, तिथंच म्हातारी झाली, तिथंच गेली, पण तमिळ काही शिकली नाही. शिकले ते समोरचे. आमच्या खालचा इस्त्रीवाला निखारा सांडला की आजही “आरं द्येवा” म्हणतो, आणि हे शब्द तेलुगू आहेत अशी त्याची समजूत आहे.

खानापूर तालुक्यातली बाई मद्रासच्या जॉर्ज टाउनात कशी, असं ज्याला वाटतं त्यानं परमुलखातला सराफकट्टा पाहिलेला नाही. विटा, खानापूर, आटपाडी हा आमचा मुलूख पाऊस न पडण्याबद्दल प्रसिद्ध. तिथल्या माणसांनी पोट भरायला गलाईचा धंदा धरला. सोनं-चांदी आटवायची, तेजाबात घालून शुद्ध करायची, सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेऊन, जाळून, धुऊन तिच्यातला कण काढायचा. देशात जिथं म्हणून सोनं विकतात तिथं एखाद्या अंधाऱ्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपुढं सांगली जिल्ह्यातला एक माणूस घाम पुसत असतो. आमच्या वाट्याला आली मद्रासची मिंट स्ट्रीट. तमिळमध्ये तिला तंगसालै म्हणतात, म्हणजे सोन्याची टांकसाळ. आज्जी गावाकडं ‘तंगसाळंत ऱ्हातो’ असं सांगायची, आणि अडाणी सून एवढ्या लांब जाऊन कुठल्या शाळेत बसली, याचं गावाला बरीच वर्षं कौतुक होतं.

गोऱ्यांनी या भागाला आधी ब्लॅक टाउन म्हटलं आणि १९११ मध्ये पंचम जॉर्जचं नाव दिलं. आज्जी या दोन्हींपैकी काहीच म्हणायची नाही. ती ‘आमची पेठ’ म्हणायची.

येताना मिरजेहून कुर्डुवाडीला जाणारी ती छोटी गाडी पंढरपुरावरून गेली होती. आज्जीनं उतरायचा हट्ट धरला. आण्णा म्हणाले, पुढच्या खेपेला, मद्रासची गाडी चुकेल. आज्जीनं खिडकीतूनच कळसाच्या अंदाजानं हात जोडले आणि विठोबाला बजावलं, “मला येऊ देत न्हाईत. तूच ये आता माज्या मागनं.” आण्णांवर तिचा आणखी एक दावा होता. मद्रासला ट्राम दाखवतो, असं कबूल करून त्यांनी तिला आणलं होतं, आणि ट्राम त्याच वर्षी एप्रिलात कायमची बंद झाली होती. हा खटला आण्णा जाईपर्यंत चालला.

सोन्यात शुद्ध किती आणि खोट किती, म्हणजे त्याचा टंच काय, हे आमच्या घरात ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात. आज्जीला अक्षर येत नव्हतं, पण दागिना कसोटीच्या दगडावर ओढला की रेघेच्या रंगावरून ती टंच सांगायची आणि आण्णांच्या मुशीतून तेवढाच निघायचा. ही नजर तिनं पुढं माणसांना लावली, आणि माणसं संपल्यावर देवांना.

देवांना जॉर्ज टाउनात तोटा नाही. मिंट स्ट्रीटवर एकाम्बरेश्वर, देवराज मुदली स्ट्रीटवर चेन्नकेशव आणि चेन्नमल्लीश्वर शेजारी शेजारी, तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळ, पार्क टाउनच्या अंगाला कंदकोट्टम. नव्या देवळात पहिल्या खेपेला आज्जी नमस्कार करायची नाही. गाभाऱ्यासमोर मान वाकडी करून, गिऱ्हाइकानं आटवायला आणलेल्या बांगडीकडं बघावं तसं बघायची. मग देवाला एक काम सांगायची. लहानसंच. आण्णांचा खोकला, एखाद्या सोनाराकडं अडकलेली उधारी, थोरल्याचं गणित. आठ दिवसांची मुदत. काम झालं तर “बावीस क्यारेट”. अर्धवट झालं तर “अठरा. रोजच्या वापराला बरा.” एका देवळाबद्दल ती नुसतंच “मुलामा” म्हणायची. त्या देवळाचं नाव मी लिहीत नाही, आम्हाला त्याच गल्लीतून जावं लागतं.

काळिकांबाळला मात्र परीक्षा द्यावी लागली नाही. ती बावनकशी. एक तर ते देऊळ विश्वकर्म्यांचं, म्हणजे सोनारांचं, म्हणजे आमच्या पोशिंद्यांचं. दुसरं म्हणजे तिथली पाटी. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी इथं दर्शन घेतलं, असं ती पाटी सांगते. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. सगळा बोळ तिला पाट्टी म्हणायचा. तर ही आमची पाट्टी त्या पाटीसमोर रोज सकाळी पाच मिनिटं उभी राहायची, आणि कुणी नवखं दिसलं की मराठीतून सांगायची, “आमचं राजं आल्यालं हितं. आमच्या आदुगर.” घरमालक भाडं वाढवायला आला तेव्हाही तिनं हेच सांगितलं. आमचा राजा पावणेतीनशे वर्षांमागं येऊन गेला, तवापासनं आमी हिकडचंच, तुमी कदी आलासा? मालक काठेवाडी होता. त्याच्याकडं तारीख नव्हती.

मी कॉलेजात असताना तिला एक वाचलेली गोष्ट सांगितली. कर्नाटकच्या त्याच मोहिमेत, मे महिन्यात, महाराजांनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांकडं माणूस पाठवून विषावरचे उतारे आणि औषधी खडे मागवले होते, किंमत देऊ असं कळवलं होतं, पण इंग्रजांनी पैसे घेतले नाहीत. आज्जी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “फुकाट दिलं? मग त्यात खोट आसनार.”

देवळाचं अंगणही ती झाडायची, कुणी न सांगता, सेवा म्हणून. तिथली धूळ पुडीत बांधून अंगारा म्हणून घरी आणायची. पण सोनारांच्या पायाची धूळ ती. आण्णांनी एकदा वर्षाचा साठलेला अंगारा ती गावी गेलेली बघून आटवला. किती निघालं हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्या वर्षी देवीला नवी नथ झाली.

दाराबाहेर एक फुलवाली बसायची. मद्रासला गजरा मुळाच्या मापानं विकतात, एक मूळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कुणाच्या कोपरापासून, हे कुठंही लिहिलेलं नाही. फुलवालीचा हात आखूड होता. आज्जीचा हात भाकऱ्या थापून थापून लांब झालेला, निदान तिचं म्हणणं तसं. दर शुक्रवारी ती आपला हात पुढं करायची आणि म्हणायची, “हितनं मोज.” फुलवाली आपल्याच हातानं मोजायची. आरडाओरडा व्हायचा, आज्जी मराठीत, ती तमिळमध्ये, आणि शेवटी फुलवाली वर चार बोटं जास्त घालायची. असं साठ वर्षं. मधे फुलवाली बदलली, आईच्या जागी लेक आली, पण चार बोटांच्या पुढं कुणीच सरकलं नाही.

खरी अडचण झाली ती कार्तिकस्वामीची.

आमच्याकडं कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. बायकांनी त्याचं तोंड पाहायचं नाही, पाहिलं तर सात जन्म वैधव्य. गावाकडं हे पाळणं सोपं, कारण तो सहसा कुठं दिसतच नाही. मद्रासला तो कुठं नाही? भिंतीवर मुरुगन, कॅलेंडरवर मुरुगन, सायकलरिक्षाच्या पाठीवर, तांदळाच्या पोत्यावर मुरुगन. नवी नवरी आज्जी पहिले तीन महिने खाली मान घालून फिरली. बोळातल्या बायका म्हणाल्या, काय मर्यादशील सून आहे. एके दिवशी चूल पेटवताना काड्याच्या पेटीकडं लक्ष गेलं आणि तिच्यावर तो मोरासकट हसत बसलेला. आज्जीनं कपाळावर हात मारला. आण्णांना सांगितलं, “तुमचं सात जल्म ग्येलं बगा.” आण्णा म्हणाले, हा जन्म तेवढा बघ.

मग कधीतरी शेजारणीकडून खुणाखुणांनी कळलं, की इकडं त्याला दोन बायका आहेत. वळ्ळी आणि देवसेना. आज्जीचा आधी विश्वास बसेना. मुरुगनच्या देवळात, कंदकोट्टमला जाऊन, पदर पुढं ओढून, तिनं खात्री करून घेतली. खरंच दोघी. घरी येऊन ती भाकरी थापत म्हणाली, “परमुलखात ग्येल्यालं प्वार. घरी कळवलं नसंल.” गलाईवाल्यांच्या बायकांना या विषयावर जास्त कीर्तन लागत नाही.

त्याहून मोठा धक्का गणपतीनं दिला. आमच्याकडं त्याच्या डाव्या-उजव्या रिद्धी-सिद्धी, आणि इकडं पिळ्ळयार म्हणून पिंपळाखाली एकटा बसलेला, बिनलग्नाचा. शिवाय आमच्याकडं कार्तिकस्वामी थोरला, इथं गणपती थोरला. आज्जीनं दोन दिवस विचार करून निवाडा दिला, की भावाभावांनी मुलूख वाटून घेतलाय. एकानं तिकडं संसार केला, एकानं इकडं. ज्याचा संसार जिथं नाही तिथं तो ब्रह्मचारी म्हणून सांगतो. हा उलगडा मी एका देवीदेवतांच्या जाणकार प्राध्यापकांना ऐकवला. त्यांनी वहीत लिहून घेतला.

यानंतर ती कंदकोट्टमला नेमानं जाऊ लागली, पण त्याच्याकडं नव्हे, त्या दोघींकडं. दोन खण, दोन नारळ, दोन ओट्या. मधे तो उभा, तर त्याच्या बाजूनं पदर ओढून घ्यायची आणि एकीशी बोलून झालं की तशीच तिरकी सरकून दुसरीकडं जायची. काय बोलायची? “भांडू नगासा. त्येचं काय जातंय.” देवळातल्या बायकांना वाटलं ही उत्तरेकडची काही खास उपासना आहे, आणि तिचं बघून दोघी-तिघी पदर ओढायला लागल्या.

आण्णा १९८८ साली गेले. तेजाबाच्या वाफांनी छाती आधीच पोखरली होती. दिवस-पाणी उरकल्यावर आज्जी पहिल्यांदा बाहेर पडली ती कंदकोट्टमला. मी बरोबर होतो. या वेळी तिनं पदर ओढला नाही. बरोबर मधोमध उभी राहिली आणि त्याच्याकडं सरळ, डोळे न मिटता, पुष्कळ वेळ बघितलं. “आता बगाया काय हरकत न्हाय,” ती म्हणाली. “आता काय करनार ह्यो माजं?” परत येताना वाटेत म्हणाली, दिसायला बरा आहे.

तिरुपतीच्या बालाजीला ती ‘अर्धा विठोबा’ म्हणायची. कारण त्याचा एकच हात कमरेवर. दुसराही तिथं का नाही ठेवला, असं मी विचारलं तर म्हणाली, “त्यो पसरलाय. म्होरं हुंडी हाय ना.” विठ्ठल आणि व्यंकटेश यांचं नातं दाखवायला रा. चिं. ढेरे यांना ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा जाडजूड ग्रंथ लिहावा लागला आणि त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. आज्जीनं ते काम एका कमरेवर भागवलं, पण तिला कुणी विचारलं नाही.

पुरट्टासी महिन्यात तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवासाठी आमच्या पेठेतून छत्र्या निघतात. चेन्नकेशवाच्या देवळातून मोठमोठ्या शुभ्र छत्र्या नाचवत, गोविंदा-गोविंदाच्या गजरात लोक निघतात आणि यानैकवुनी, म्हणजे हत्तीदरवाजा, ओलांडून पायी तिरुपतीची वाट धरतात. पहिल्या वर्षी हा गजर कानावर पडताच आज्जीनं चुलीवरचा तवा उतरवला, पितळी विठोबा पदराला बांधला आणि ती चालू लागली. वारीच ती. दुसरं काय असणार? संध्याकाळी एका सज्जन माणसानं सायकलरिक्षातून आणून सोडली तेव्हा आण्णा पोलिसांत वर्दी देऊन परतले होते. “पालखी झ्याक हाय,” आज्जीनं सांगितलं, “खरं टाळ न्हाईत, आन् फुगडी कुनालाच येईना.” पुढं दर वर्षी ती हत्तीदरवाजापर्यंत जायची, छत्र्या पार झालेल्या बघायची आणि परत यायची. गुडघे गेल्यावर मग गॅलरीतून.

उपासाच्या बाबतीत तिचं आणि बोळाचं कधी जमलं नाही. समोरच्या काकू उपास म्हणून भात सोडायच्या आणि इडली खायच्या. आज्जीला हे बघवत नसे. काकूंना आज्जीचं बघवत नसे, कारण ही उपास म्हणून शेंगदाणे, बटाटे आणि परातभर जव्वरिसी, म्हणजे साबुदाणा, खाते, आणि जव्वरिसीचं तर पायसम करतात, सणाला! पंढरीच्या एकादशीचा साबुदाणा या तमिळांच्याच सेलमहून सगळ्या महाराष्ट्रात जातो, हे मी दोघींनाही सांगून पाहिलं. दोघींनाही ते खरं वाटलं नाही. आडी महिन्यात मात्र दोघी एक व्हायच्या. अम्मनच्या देवळापुढं पातेल्यातून कूळ वाटतात, बाजरीचं नाहीतर नाचणीचं. आज्जीनं पहिल्या घोटालाच ओळखलं, की ही आंबील, ही आषाढातली आपली मरीआई. वाडगं घेऊन ती रांगेत सगळ्यात पुढं.

बोळातली माणसं तिच्यामागं तिला ‘एम्डन’ म्हणायची. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डन नावाच्या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर तोफा डागल्या, किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि ती अंधारात पसार झाली. मारा जेमतेम अर्धा तास चालला असेल, पण तमिळमध्ये एखाद्या जबर, कुणाला न आटपणाऱ्या माणसाला लोक अजून एम्डन म्हणतात. आज्जीला वाटायचं हे कुठल्याशा देवीचं नाव. तिची हरकत नव्हती. भाजीवाल्यांना ती ‘दादा’ म्हणायची, कारण ‘अण्णा’ म्हणणं शक्य नव्हतं, घरधन्याला सगळे आण्णा म्हणत आणि नवऱ्याचं नाव घेणारी ती नव्हे. दादा म्हणजे तमिळमध्ये गुंड. चौकातल्या सगळ्या भाजीवाल्यांना साठ वर्षं कुणीतरी प्रेमानं गुंड म्हणत होतं आणि ते तिला वांगी निवडून देत होते. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात कुणा पोरानं तिला वाटेत अडवून हिंदी बोलू नका म्हणून दटावलं, तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, “मला कुटं येतीया बाबा?” मारवाडी शेजाऱ्यांनी या गोष्टीला लगेच दुजोरा दिला.

शेवटची दहा-बारा वर्षं ती आषाढी एकादशीला मरायची तयारी करायची. आदल्या रात्री लुगडं बदलायची, पितळी विठोबा उशाशी घ्यायची, सगळ्यांना बोलावून किल्ल्या कुठं आहेत ते सांगायची. सकाळी डोळे उघडले की पाच मिनिटं खट्टू व्हायची, मग विचारायची, “साबुदाना भिजवलायसा का?” प्रत्यक्षात ती २०२२ मध्ये एका साध्या मंगळवारी गेली, दुपारी साडेतीनला. म्हणजे ऐन राहुकाळात. राहुकाळ तिनं जन्मात मानला नव्हता. मंगळवारच्या राहुकाळात दुर्गेपुढं लिंबाचे दिवे लावतात, याहून चांगली वेळ कुठली, असा समोरच्या काकूंनी निर्वाळा दिला. काकूही नव्वदीच्या. त्या दिवशी त्यांनी इडली खाल्ली नाही.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी मी काळिकांबाळला गेलो. फुलवालीनं ओळखलं. पाट्टीचे चाळीस रुपये राहिलेत म्हणाली. मी दिले. मग तिनं मला हात पुढं करायला लावला, माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दोन मुळं मोगरा मोजला, आणि वर चार बोटं घातला.